जुनं घर स्वस्त का असतं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावातून बाहेर पडा. बसस्थानक, पेट्रोलपंप, एखादं मंगल कार्यालय मागे पडलं की शेतात रांगेने रोवलेले, चुना फासलेले दगड दिसायला लागतात. पहिलं घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला नातेवाईक, दलाल आणि ऑफिसातले सहकारी मिळून या दगडांकडे पाठवतात. आधी प्लॉट घेऊन ठेवा, बांधकामाचं काय, होईल सवडीने! ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून मेहकर, सिंदखेडराजा या बाजूला हा सल्ला आणखी मोठ्या आवाजात मिळतो. त्याच गावांच्या आत, बाजारपेठेमागच्या बोळांत, मारुतीच्या पारापासून हाकेच्या अंतरावर दोन-तीन खोल्यांची जुनी घरं कुलपात पडून असतात. त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नाही, आणि बघितलंच तर पाडून जागा मोकळी करायच्या हिशेबाने. माझं म्हणणं असं, की महिना पंचवीस-तीस हजारांत घर चालवणाऱ्या कुटुंबाने प्लॉटच्या आधी या डागडुजी न झालेल्या जुन्या घराचा विचार करावा. अट एकच. असं घर स्वस्तात मिळतं तेव्हा त्या स्वस्ताईला कारण असतं, आणि ते कारण घेणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे. काही कारणं त्याच्या फायद्याची असतात, काही सोसण्याजोगी असतात, आणि एक-दोन अशी असतात की ती असतील तर घर फुकट दिलं तरी घेऊ नये.

ही कुलपं का लागली, ते आधी बघू. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती आणि त्यातली जेमतेम एक पंचमांश शहरांत राहत होती. म्हणजे शहरं आहेत ती लहान, आणि शिकलेल्या मुलांना सामावून घेईल एवढा रोजगार त्यांच्यात नाही. मुलं पुण्याला जातात, छत्रपती संभाजीनगरला जातात, मुंबईला जातात. खामगावसारख्या गावाने एके काळी कापसाच्या जोरावर मोठी पेठ उभी केली. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. आता त्या व्यापाराचा भर ओसरलाय, पण त्या काळच्या घरांच्या भिंती उभ्या आहेत. आईवडील असेपर्यंत घर वापरात राहतं, ते गेले की कुलूप लागतं. चार भावंडं चार गावी, एकालाही इथे राहायचं नाही आणि एकट्याला विकता येत नाही. ही गोष्ट एका जिल्ह्याची नाही. त्याच जनगणनेत देशभरातल्या सुमारे ३३ कोटी घरांपैकी २ कोटी ४६ लाखांच्या आसपास रिकामी सापडली होती. जपानने २०२३मध्ये मोजली तेव्हा तिथली रिकामी घरं ९० लाख भरली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. तिथल्या सरकारच्या लक्षात आलं की अडचण घर पडकं असण्यापुरती नाही. वडिलांच्या मागे मुलं वारसनोंदच करत नाहीत, त्यामुळे घर कोणाचं हेच ठरत नाही. १ एप्रिल २०२४पासून जपानमध्ये वारशाची नोंद तीन वर्षांच्या आत करणं सक्तीचं झालं. आपल्याकडच्या बोळातल्या कुलपाचीही कथा बरीचशी अशीच आहे. तिच्याकडे पुढे सविस्तर येऊ, कारण माझ्या मते सगळा विषय तिथेच अडतो.

पण प्लॉट आणि घर यांची तुलना आधी व्हायला हवी, कारण ती सहसा चुकीच्या पद्धतीने केली जाते. प्लॉटच्या किमतीसमोर घराची किंमत ठेवली जाते. प्लॉटमध्ये राहता येत नाही, हे त्या हिशेबात कुठेच दिसत नाही. प्लॉट घेतलेलं कुटुंब त्याचा हप्ता भरतं आणि घरभाडंही भरतं, दोन्ही एकाच पगारातून, आणि बांधकाम लांबत जातं. त्यातून तो प्लॉट रीतसर अकृषक मंजुरीचा नसेल तर आणखी कठीण. १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे विकायला मनाई केली, तरी ते विकले गेले. २००१मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला आणि सवलतीची मुदत पुढे वाढवावी लागली, यावरूनच असे व्यवहार किती झाले असतील याची कल्पना यावी. मंजूर लेआउटमध्येही नळ, नाली, पथदिवे पोचायला वर्षं जातात. पेठेतल्या पडक्या घराला नळाची जोडणी असते, दारात नाली असते, शाळा आणि दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर असतो. बुलढाणा शहराला येळगावच्या धरणातून येणारं पाणी रोज येत नसेल, पण जिथे पाइपच पोचलेला नाही तिथे टँकरचीच वाट बघावी लागते.

आकडे घेऊन बघू. हे आकडे नमुन्याचे आहेत, कोणत्याही गावचा भाव म्हणून ते घेऊ नयेत. समजा नवं छोटं घर वीस लाखांचं आहे आणि हातात चार लाख आहेत. उरलेले सोळा लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता १३,८८५च्या आसपास बसतो, आणि वीस वर्षांत बँकेला एकूण सव्वातेहतीस लाखांवर रक्कम जाते. आता समजा जुनं घर आठ लाखांना मिळालं आणि राहण्याजोगं करायला, नोंदणीचा खर्च धरून, दोन लाख लागले. चार लाख आपले आणि सहा लाखांचं कर्ज त्याच व्याजाने दहा वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे ७,४४० येतो आणि दहा वर्षांत एकूण नऊ लाखांच्या आत फेड होते. दोन हप्त्यांतला साडेसहा हजारांचा फरक दर महिन्याला हातात राहतो. यंदा छप्पर, पुढच्या साली न्हाणीघर, अशी दुरुस्ती त्यातून टप्प्याटप्प्याने होते, तीही व्याज न भरता. दुरुस्ती न झालेल्या घराचं मला वाटणारं मोठं बळ हे आहे. ते आपल्या मिळकतीच्या वेगाने सुधारता येतं. नव्या घरात सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो, मग कुटुंबाची ऐपत तेवढी असो वा नसो.

आता स्वस्ताईच्या कारणांकडे येऊ. पहिलं कारण भिंत. मातीची भिंत आणि धाब्याचं छत म्हटलं की भाव उतरतो. दोन-अडीच फूट रुंदीची मातीची भिंत, सागाच्या खांडांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा जाड थर, ही वऱ्हाडातली जुनी रीत आहे. मे महिन्याच्या दुपारी अशा घरातला गारवा आणि स्लॅबखालची भट्टी यांतला फरक इथल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. सांगायला हवं ते एवढंच, की ही भिंत पाण्यापासून जपली तर पिढ्यान् पिढ्या टिकते, आणि नाही जपली तर दोन पावसाळ्यांत बसते. म्हणून भिंतीपेक्षा आधी छत बघावं आणि छतापेक्षाही आधी पाणी कुठून खाली उतरतं ते बघावं. पन्हाळ कुठे ओतते, शेजारच्या पागोळ्या आपल्या भिंतीवर पडतात का, जोत्याजवळ नालीचं पाणी साचतं का. खांडांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे खिळा किंवा पेचकस टोचून बघावा. उधईने पोखरलेलं लाकूड बाहेरून धड दिसतं, पण टोचणी आत शिरते. चांगल्या सागाच्या खांडांना आजही मोल आहे, इतकं की काही जण लाकडासाठीच जुनं घर विकत घेतात. विकणाऱ्याने सौद्यानंतर खांडं काढून नेऊ नयेत म्हणून ‘लाकूडफाट्यासह’ असं करारात लिहून घेतलेलं बरं.

भिंत आणि छत यांचं हे गणित घाटावर आणि घाटाखाली सारखं चालत नाही. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या घाटावरच्या भागात बऱ्याच ठिकाणी मुरूम आणि खडक फार खोल नसतो. काळ्या दगडाचं जोतं असलं तर पाया सहसा हलत नाही. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात जमीन खोल काळी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचं घर दर साली थोडं वर-खाली होतं. दाराच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली, वर रुंद आणि खाली चिंचोळी भेग दिसली तर पाया एका बाजूने बसतो आहे असं समजावं. भेगेवर आडवी गिलाव्याची पट्टी लावून एक पावसाळा जाऊ द्यावा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक दुखणं आहे. खारं पाणी भिंतीत चढतं आणि बुडाशी लोणा लागून माती भुरभुर गळते. वरून कितीही रंग लावा, खालून भिंत बारीक होत जाते. शिवाय नदी-नाल्याकाठची घरं. जुलै २०२३मध्ये अतिवृष्टीने जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत जो पूर आला, तो पाहिल्यावर पूररेषेतलं मातीचं घर केवळ स्वस्त म्हणून घेणं मला समर्थनीय वाटत नाही. माती स्वस्त आहे म्हणून घर स्वस्त असेल तर खुशाल घ्यावं. पण जमीन आणि पाणी यांमुळे स्वस्त असेल तर त्यावर कोणत्याही गवंड्याकडे औषध नाही.

इथे कोणी विचारेल, की मग डागडुजी करून, टाइल्स बसवून विकायला काढलेलं जुनं घरच का घेऊ नये? थोडे पैसे जास्त जातील, पण डोक्याला ताप नाही. माझा कल नेमका उलटा आहे. विक्रीच्या आधी केलेली डागडुजी बहुतेक वेळा डोळ्यांसाठी असते. भेगा पुट्टीखाली जातात, लोणा लागल्याचे डाग ऑइलपेंटखाली, आणि कुजलेली खांडं पीओपीच्या छताआड. न रंगवलेलं घर आपले दोष उघड दाखवतं, आणि दुसऱ्याच्या पसंतीच्या फरशीचे पैसे आपल्याला मोजावे लागत नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटच्या कवचात तिची ओल कोंडली जाते, काही वर्षांत गिलावा फुगून पापुद्र्यासारखा सुटतो आणि येताना भिंतीची माती घेऊन येतो. तिथे मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच हवा. न सुधारलेल्या घरात ही चूक अजून झालेली नसते, हा त्याचा मोठाच गुण. दुरुस्तीचा क्रम मात्र पाळावा लागतो. आधी छत आणि पाण्याचा निचरा, मग संडास-न्हाणीघर, मग वीज. जुन्या घरांतल्या लाकडी पट्ट्यांवरच्या तारा आणि अर्थिंगचा अभाव यांच्याशी तडजोड नको, सगळं वायरिंग नव्याने करावं. फरशी आणि रंग सगळ्यांत शेवटी. प्रत्यक्षात घडतं ते उलट. वास्तुशांतीला पाहुणे येणार म्हणून फरशी पहिल्यांदा बसते, आणि दोन वर्षांनी पाइप टाकायला तीच फोडली जाते.

सुरक्षेचा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली ती मुख्यतः घरांखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचा प्रचंड भार, असं ते बांधकाम होतं. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असत आणि त्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड नसे. हादऱ्यात पदर सुटले आणि छत खाली आलं. बुलढाण्यातल्या जुन्या दगडी भिंतींना हा धडा जसाच्या तसा लागू आहे. मात्र त्याच किल्लारीनंतर आणखीही एक गोष्ट शिकायला मिळाली. ज्या गावांत घरं उभी राहिली होती तिथे ती पाडण्याऐवजी मजबूत करण्याचा मोठा कार्यक्रम सरकारने राबवला. छतावरची जादा माती उतरवून भार कमी करणं, भिंतीत जागोजाग आरपार बांधणी करणं, दारांच्या वरच्या पातळीला सलग पट्टा देणं, असे ते उपाय होते. घाटावरच्या दगडी घरात हे काम एखाद्या स्थापत्य अभियंत्याला दाखवून करून घेता येतं आणि ते नव्या घरापेक्षा खूप स्वस्तात होतं. ज्या भिंतीचं पोट बाहेर आलंय, म्हणजे दोन पदर आधीच सुटलेत, तिथे मात्र दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. ते घर जागेच्या भावाने मिळालं तरच घ्यावं आणि भिंत उतरवून नव्याने बांधावी.

भिंतीचा प्रश्न असा पैशाने आणि कौशल्याने सुटतो. कागदाचा प्रश्न पैशाने सुटत नाही, आणि स्वस्ताईचं खरं कारण अनेकदा तिथे लपलेलं असतं. आजोबांच्या नावावरचं घर, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली, तीन मुलं, दोन मुली, त्यांतला एक मुलगा वारलेला, त्याची मुलं वेगळीकडे. विकायला येतो तो गावात राहिलेला एक भाऊ. तो म्हणतो, आमची तोंडी वाटणी झाली, हे माझ्या हिश्श्याला आलं, बहिणींचं काही म्हणणं नाही. यातलं प्रत्येक वाक्य खरं असू शकतं आणि तरीही व्यवहार बुडू शकतो. महाराष्ट्राने १९९४मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं होतं, पण लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो हक्क सगळ्या मुलींना मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने आहे, वडील २००५मध्ये हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. त्याच निकालात तोंडी वाटणीचा बचाव सहजासहजी मान्य करायचा नाही, असंही म्हटलं आहे. म्हणजे सासरी गेलेल्या बहिणीची सही ही शिष्टाचाराची बाब नाही. नोंदणीकृत हक्कसोड पत्र तरी हवं, नाहीतर खरेदीखतावर तिची सही तरी हवी.

एकाच भावाचा हिस्सा तेवढा घेऊ, बाकीचं नंतर बघू, असंही काही जण करतात. कायदा अशा घेणाऱ्याला फारसा थारा देत नाही. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला तर त्याला त्या घरात इतरांबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही, असं १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं. त्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३च्या विभाजन कायद्याच्या कलम ४नुसार घरातली माणसं त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत परत घेऊ शकतात. हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ तर एका वारसाने हिस्सा विकायला काढला की दुसऱ्या वारसाला आधी घेण्याचा अधिकार देतं. वारसांमध्ये अज्ञान मूल असेल तर त्याच्या हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. इतकं सगळं असताना गावात शंभराच्या, आता पाचशेच्या, मुद्रांकावर नोटरीसमोर घरं ‘विकली’ जातात. शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. मुखत्यारपत्र आणि करारनामा यांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निक्षून सांगितलं. तरी लोक तसं करतात, कारण मुद्रांकशुल्क वाचतं. नोंदणी फी एक टक्का आणि तीही जास्तीत जास्त तीस हजार, घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकशुल्कात एक टक्का सूट. वाचवण्यासारखं तिथे खरोखर फार नाही.

मालकीचा कागद कोणता, यातही गल्लत होते. नगरपालिकेची घरपट्टी किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हे कर कोणाकडून घ्यायचा याचे उतारे आहेत, मालकीचे नव्हेत. नगर भूमापन झालेल्या गावात भूमी अभिलेख कार्यालयातली आखीव पत्रिका बघावी. खेड्यांच्या गावठाणात पूर्वी असा कागदच नव्हता. एप्रिल २०२०मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून तो देण्याचं काम हाती घेतलं गेलं. पत्रिकेवर ‘नझूल’ असेल तर जमीन सरकारची आणि आपण भाडेपट्टेदार. पट्ट्याची मुदत संपली आहे का, नूतनीकरणाची थकबाकी किती, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. अमरावती आणि नागपूर विभागांत अशा निवासी जागा पूर्ण मालकीच्या करून घेण्यासाठी सरकारने सवलतीची योजना आणली आहे, पण तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा. घरात जुना भाडेकरू असेल तर तो घराबरोबर येतो. विदर्भात १९४९च्या भाडे नियंत्रण आदेशापासून भाडेकरूला संरक्षण आहे आणि १९९९च्या राज्य कायद्याने ते कायम ठेवलं. रिकामं करून देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून रिकामं झाल्यावरच घ्यावं. याखेरीज सामाईक भिंत कोणाची, बोळातून जाण्याचा हक्क आहे का, विकास आराखड्यात रस्ता रुंद होणार असेल तर पुढची खोली जाते का. मोजणीची फी भरली की यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं जागेवर मिळतात.

बँक अशा घराला कर्ज देत नाही, हा आक्षेप नेहमीचा आणि अर्धा खरा आहे. बँक दोन गोष्टी बघते, मालकीची साखळी आणि इमारतीचं उरलेलं आयुष्य. मातीचं घर असेल तर मूल्यांकन मुख्यतः जागेचं होतं, कर्ज कमी मिळतं आणि मुदतही कमी मिळते. त्यामुळे घेणाऱ्याला जास्त रोख उभी करावी लागते, आणि ती ज्याच्याकडे अजिबात नाही त्याला हा रस्ता नाही, हे मान्य करायला हवं. पण आखीव पत्रिका आणि तीस वर्षांच्या शोधाचा अहवाल स्वच्छ असेल तर दार पूर्ण बंद नसतं. सप्टेंबर २०२४पासूनच्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वार्षिक नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, देशात कुठेही पक्कं घर नसलेल्या कुटुंबाला गृहकर्जावर पाच वार्षिक हप्त्यांत जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचं व्याज अनुदान आहे, आणि ते पुनर्विक्रीच्या घरालाही मिळू शकतं. शिवाय बँकेचा नकार हीसुद्धा माहितीच असते. बँकेच्या वकिलाने कागदांवर बोट ठेवलं असेल तर पतपेढीतून किंवा हातउसने पैसे आणून तेच घर घेण्याचा शहाणपणा कोणी करू नये.

भाव वाढेल का, हा शेवटचा प्रश्न, आणि इथे माझं उत्तर अनेकांना निराश करील. नवी वस्ती, बँका, शाळा बाहेरच्या रस्त्यांकडे सरकत आहेत. ज्या बोळात कार शिरत नाही तिथलं घर दहा वर्षांत दुप्पट होईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. इटलीतल्या सांबुकासारख्या गावांनी २०१९मध्ये एक युरोपासून बोली लावून घरं विकली, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. पण घेणाऱ्याला ठरावीक मुदतीत दुरुस्तीची हमी द्यावी लागत होती आणि खरा खर्च तिथेच होता. भाव वाढेल म्हणून नव्हे, तर तिथे माणूस राहायला यावा म्हणून ती घरं विकली गेली. पेठेतलं घर त्याच भावनेने घ्यावं. दहा वर्षं भाडं वाचलं, कर्ज फिटलं, मुलांची शाळा पायी झाली, एवढा परतावा पुरेसा असेल तर हा सौदा चांगला आहे. मुलीच्या लग्नात ‘मातीचं घर’ म्हणून नाक मुरडणारे पाहुणे भेटतील, ते भाड्याच्या स्लॅबवरही मुरडणारच होते.

सौदा जमला की इसार देण्याची घाई होते. इसार थोडा द्यावा आणि इसारपावतीत सगळ्या वारसांच्या सह्यांची, हक्कसोडीची आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीची अट मुदतीसह घालावी. त्या मुदतीत एखादा पावसाळी आठवडा मिळाला तर उत्तम, छत काय ते बोलेल. खरेदीखत झाल्यावर लोक घरपट्टीवर नाव लावतात, वीजमीटरवर लावतात आणि तिथेच थांबतात. आखीव पत्रिकेवर जुन्या मालकाचंच नाव राहतं, आणि मग त्याच्याही नातवंडांना शोधत फिरायची वेळ येते. फेरफाराचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा, पोच घ्यावी, आणि मंजूर नोंदीचा उतारा हातात पडेपर्यंत पुण्यातल्या पुतण्यांचे आणि सासरी असलेल्या बहिणींचे फोन नंबर जपून ठेवावेत.